चार बोटं वर

१

चहा गॅसवर ठेवायचा आणि तो उकळेपर्यंत मागच्या खोलीत जाऊन बंदूक चालवायची, हा माझा वर्षभराचा सकाळचा नेम. चालवायची म्हणजे नुसतीच. दारू नाही, गोळी नाही, आणि टोपी तर नाहीच नाही.

टोपी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आमच्या क्लबातल्या बंदुका ठासणीच्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, मग चिंधीत बसवलेली गोळी गजाने तळापर्यंत ठासायची. मागच्या बाजूला एक बारीक पोकळ तोटी असते, तिच्यावर तांब्याची एवढीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो, ठिणगी तोटीतून आत जाते आणि बार उडतो. टोपी नसेल तर बाकी सगळं असूनही तिच्यावर फार तर कपडे वाळत घालता येतील.

आणि टोप्या मिळत नव्हत्या. एक दुकानदार म्हणाला, कारखाना बंद पडलाय. दुसरा म्हणाला, माल बंदरात अडकलाय. तिसरा म्हणाला, "बाई, तुम्ही लोकांनीच साठवून ठेवल्यात," आणि माझ्या पिशवीकडे असं बघितलं, जणू मी आत्ताच त्याच्याच दुकानातून उचलून निघाले होते. माझ्या डबीत स्पर्धेपुरत्या टोप्या उरल्या होत्या आणि वर एक. म्हणून सराव कोरडा. तोटीवर चामड्याचा तुकडा ठेवायचा, भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरायचा आणि चाप ओढायचा.

एरवी बंदूक हातात घेतली की पहिली टोपी रिकाम्या नळीवर उडवायची, अशी आमची रीत. नळीच्या तोंडासमोरचं गवत हललं की वाट मोकळी आहे, आत काही नाही, हे कळतं. टंचाईत ही चैन कुणाला परवडणार? सगळ्यांनी ती सोडली आणि गजावर भिस्त ठेवली. गजावर एक वळं कोरलेलं असतं. नळी रिकामी असली तर गज आत सोडल्यावर ते वळं बरोबर नळीच्या ओठाशी येतं. भरलेली असली तर चार बोटं वर राहतं. गज खोटं बोलत नाही, असं आमच्यात म्हणतात.

त्या सकाळी मी गज सोडला. वळं चार बोटं वर थांबलं.

मी तशीच उभी राहिले, आणि स्वयंपाकघरात चहा उतू गेला.

२

बंदूक ताईची, माझ्या थोरल्या बहिणीची. क्लबात तिला हरवणारं कुणी नव्हतं आणि घरात तर नव्हतंच. पत्ते असोत की सोंगट्या, चुकून कधी हरलीच तर उठायची नाही. "बस खाली, आणखी एक डाव," म्हणायची, आणि स्वतः जिंकेपर्यंत समोरच्याला जेवायला सोडायची नाही. मला ती 'घाई' म्हणायची. त्याला कारण होतं. चाप ओढताना बार उडायच्या आधीच माझे डोळे मिटायचे आणि खांदा उडायचा.

"अगं घाई, आवाजाला काय भितेस?" ती म्हणायची. "आवाज येतो तोवर गोळी गेलेली असते. आपण फक्त थांबायचं."

तिच्या शेवटच्या सरावाच्या दिवशी आम्ही दोघी आळीपाळीने बार काढत होतो. तिने ठासली, डबी उघडली, तर बरोबर आणलेली डबी रिकामी. ती हसली. "माझी पाळी राहिली बरं का, लक्षात ठेव," म्हणाली, आणि गोळी ओढून काढली. त्यानंतर तिचं छातीचं दुखणं वाढलं आणि हिवाळा संपायच्या आत ती गेली.

ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, लिफ्टा दुरुस्त करतात. एकाच घरात आम्ही राहतो, पुढच्या दोन खोल्या त्यांच्या आणि मागच्या दोन माझ्या. त्यांना बंदूक डोळ्यांसमोर नको होती. क्लबाचा नियमही त्यांच्याच बाजूचा होता. सभासद गेला की त्याची बंदूक वर्षभर घरात राहते. त्या वर्षीच्या स्पर्धेत घरातलं कुणी पहिल्या तिघांत आलं तर कायमची राहते. नाहीतर नळीत शिसं ओतून ती बंद करायची आणि शोभेची म्हणून देऊन टाकायची. एका हॉटेलवाल्याने आधीच मागून ठेवली होती.

"शिसं ओतणार भाऊजी! ताईच्या बंदुकीत!"

"मग मी काय करू? ती दिसली की मला घास उतरत नाही." ते बराच वेळ हातातला पाना पुसत राहिले. "तू ये ना पहिल्या तिघांत. मी चकार शब्द काढणार नाही. पण राग मानू नकोस, तू डोळे मिटतेस गं."

ते खोटं बोलत नव्हते, म्हणूनच मला फार राग आला.

३

भरलेली नळी उडवायची नसेल तर गजाच्या टोकाला फिरकी लावून गोळीत रुतवायची आणि ओढून काढायची. मी तेच केलं. गोळी आली, चिंधी आली, आणि मागोमाग दारू कागदावर सांडली. दारू कोरडी खडखडीत होती. चिंधी निळ्या पट्ट्यांची होती आणि तिच्या कडा नागमोडी कापलेल्या होत्या.

मी साधं पांढरं कापड वापरते. निळ्या पट्ट्यांचं, गादीच्या खोळीचं कापड ताई वापरायची. शिवणाच्या नागमोडी कात्रीने कापायची, म्हणजे धागे सुटत नाहीत. तिच्यामागे ते कापड संपलं होतं.

मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. जे दिसतं ते डोळ्यामुळे दिसतं की काचेमुळे, हे शोधण्यात माझा जन्म गेला. तेव्हा मी उगाच घाबरणाऱ्यातली नाही. मी स्वतःला समजावलं, की ताईनेच कधीतरी भरून ठेवलेली असणार. पण मग वर्षभर मी रोज गज सोडत होते त्याचं काय? तर, रोजचं काम माणूस न बघताच करतो. गिऱ्हाईकं नाही का कपाळावरचा चष्मा घरभर शोधत? वळं वर असेल आणि मला ते खाली दिसलं असेल. चूक माझीच, असं म्हणून मी नळी पुसली, गज सोडून तीनतीनदा पाहिला आणि खोलीला कुलूप घालून कामाला गेले.

दुसऱ्या सकाळी वळं चार बोटं वर होतं. आत निळी चिंधी होती.

मी नवं कुलूप आणलं आणि किल्ली गळ्यात घातली. पुढच्या सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं आणि बंदूक भरलेली. मग माझ्या लक्षात आलं, की मला आता त्या खोलीत जाण्याआधी घोटभर पाणी प्यावं लागतंय.

४

आवाज पहिल्यांदा ऐकला तो सुट्टीच्या दिवशी, चांगलं लख्ख ऊन पडलेलं असताना. भाऊजी बाहेर गेले होते. मी भांडी विसळत होते.

मागच्या खोलीत कुणीतरी लाकडावर तळहाताने थोपटलं. थप, थप, थप.

माझा हात नळाखाली तसाच राहिला. दारू ओतल्यावर ती नीट खाली बसावी म्हणून ताई बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर तीनदा थोपटायची. क्लबात दुसरं कुणी तसं करत नाही. मग करकर झाली, घट्ट चिंधीतली गोळी नळीच्या तोंडात दाबताना होते तशी. मग गज सरकत खाली गेला. तो आवाज लांबलचक असतो, एखाद्याने सावकाश श्वास सोडावा तसा. शेवटी घोडा अर्धा चढवल्याचा एक 'कट्'.

ऊन, पाण्याची धार, शेजारच्या घरातला रेडिओ, सगळं होतं तिथेच होतं. पाईप असेल, म्हटलं. उंदीर असेल. उंदीर दस्ता थोपटतो का, असा प्रश्न माझा मलाच पडला आणि मी नळ बंद केला.

मग अगदी बारीक आवाज आला, पत्र्यावर पत्रा फिरल्याचा. तो टोप्यांच्या डबीच्या झाकणाचा होता.

मी ओल्या हातांनीच कुलूप काढलं. खोलीत कुणी नव्हतं. बंदूक टेबलावरच्या टेकणीवर आडवी होती, घोडा अर्धा चढवलेला. शेजारी डबी उघडी, झाकण उताणं. टोप्या सगळ्या जागेवर होत्या. फक्त त्या एका बाजूला लोटल्या होत्या, बोटांनी उचलायला जावं आणि दर वेळी निसटावं, तशा.

नळीचं तोंड भिंतीलगतच्या खुर्चीकडे होतं. त्या खुर्चीत बसून मी रोज चपला घालते.

मी डबी उचलली आणि त्या दिवसापासून अंगावर बाळगायला लागले. अंघोळीला जातानासुद्धा ती हाताशी असायची. दारू, गोळी, चिंधी, घोडा, सगळं त्या खोलीत तयार होतं, आणि कमी होती ती एक टोपी माझ्याकडे होती. टंचाईला वर्षभर शिव्या दिल्या, पण आता ती टंचाईच मला राखत होती. ताईने माझ्यावर का बंदूक धरावी, ह्याचं उत्तर मला सापडत नव्हतं. माझ्यावर तिचा जीव होता. पण मेलेल्या माणसाचा जीव कुठे असतो, हे मला कुणी सांगावं?

५

क्लबाचं मैदान म्हणजे दगडाची जुनी बंद खाण. तिथे मला चकमककाका भेटले. त्यांची बंदूक ह्याहूनही जुन्या पद्धतीची, गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी. तिला टोपी लागतच नाही. त्यामुळे आमचं सुतक त्यांना सणासारखं होतं. आम्ही वर्षभर चामड्यावर घोडे आपटत बसलो आणि काकांनी बार काढून काढून खाण दणाणून सोडली.

"काय, टोप्यावाल्या बाई? अजून उपासच का?"

"हसा, हसा. काका, एक विचारू? समजा, एखादी बंदूक कुणीतरी पुन्हा पुन्हा भरून ठेवतंय. आपण रिकामी करायची आणि त्याने भरायची. तर काय समजायचं?"

"कोण भरतंय?"

"समजा म्हटलं ना!"

काकांनी गारगोटी फडक्याने पुसली. "अगं, बंदूक भरतात कशाला? शोभेला? ज्याने भरली त्याला ती उडवायची आहे, आणखी काय!"

हे ऐकायला मी आले नव्हते. घरी जाताना डबी मुठीत इतकी घट्ट धरली होती की तळहातावर झाकणाचा वळ उठला.

६

स्पर्धेच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं आणि वारा समोरून, म्हणजे धूर आपल्याच तोंडावर येणार. टंचाईमुळे क्लबाने दोन गोष्टी बदलल्या होत्या. रिकाम्या नळीवरची टोपी माफ होती, फक्त गज दाखवायचा. आणि बक्षिसाला चषक नव्हता. अध्यक्षांनी कुठूनशी टोप्यांची मोठी सीलबंद डबी पैदा केली होती. ती टेबलावर ठेवली आणि सगळे तिच्याभोवती असे घोटाळायला लागले की चषकाला आजवर कधी एवढा मान मिळाला नव्हता.

भाऊजी येणार नव्हते, पण आले. मागच्या बाकावर थर्मास मांडीत धरून बसले.

पाच गोळ्या होत्या, ठरलेल्या वेळात. गज सोडला, वळं ओठाशी आलं. रिकामी. पहिल्या तीन बारांना माझे डोळे मिटले, पण वर्षभराच्या कोरड्या सरावाने हात तरी स्थिर राहिला. दोन गोळ्या काळ्यात गेल्या आणि एक कडेला. चौथ्याला घोडा पडला आणि नुसतं 'टक्'. टोपीच फुसकी. थांबले, ती काढली, शिलकीतली वापरली, गोळी काळ्यात गेली. पण ह्यात वेळ गेला, आणि तोटी काजळीने भरलेली. मी सुई घेऊन ती टोकरत बसले.

"शेवटचं मिनिट!" पंच ओरडले.

चकमककाका आपला डाव संपवून, सगळ्यांच्या पुढे राहून, मिशीला पीळ देत उभे होते. पहिल्या तिघांत यायला मला काळा ठिपका हवा होता आणि काकांना मागे टाकायला अगदी मधोमध. आणि मी अजून बंदूक ठासलीसुद्धा नव्हती. घाईघाईने नळी रिकामी आहे ना, ते बघायला गज सोडला.

वळं चार बोटं वर होतं.

मी टेबलाकडे पाहिलं. माझी दारू मापात तशीच होती. पाचवी गोळी लाकडी खाचेत तशीच होती. पांढरी चिंधी तिच्या शेजारी. मी भरली नव्हती, आणि बंदूक भरलेली होती. भरल्यावर भरली तर नळी फुटते आणि हात जातो. ओढून काढायला वेळ नव्हता. आणि सोडून दिलं तर शिसं.

मी पुन्हा वळ्याकडे पाहिलं. चार बोटं. पाच नाही, साडेचार नाही. एकच बार, नेमका, पुरा. माझ्या हातून इतका नेमका बार कधी भरला गेला नव्हता. गज खोटं बोलत नाही, आणि ताईसुद्धा कधी बोलली नाही.

शेवटची टोपी मी तोटीवर बसवली. बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला, आणि दस्त्याच्या लाकडातून थेट माझ्या दातांपर्यंत आलं ते थोपटणं. थप, थप, थप.

आपण फक्त थांबायचं. मी थांबले. चाप कधी ओढला गेला ते मला कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी बार उघड्या डोळ्यांनी पाहिला. टोपीची ठिणगी, नळीच्या तोंडातली आगीची जीभ, आणि मग पांढरा धूर, जो वाऱ्याने सगळा माझ्यावर लोटला. धुराने टेबल गिळलं, पंचांना गिळलं, मला गिळलं.

माझ्या डाव्या हाताला एवढी एक जागा त्याने सोडली. माणसाच्या उंचीची, एक खांदा जरा खाली, ताईचा असायचा तसा. धूर तिथपर्यंत यायचा आणि कडेने जायचा. मी हात पुढे केला नाही. वारा फिरला आणि तिथे फक्त खाण दिसायला लागली.

"मधोमध!" पंच ओरडले. "अहो, अगदी मधोमध!"

चकमककाकांनी मिशी सोडली आणि माझी पाठ अशी थोपटली की दुसरा बार बसल्यासारखं झालं. भाऊजी बाकावरून उठले होते. त्यांच्या थर्मासचं झाकण गवतात पडलं होतं. इकडे, नळीच्या पुढच्या गवतात, अर्धी जळलेली निळ्या पट्ट्यांची चिंधी धुमसत होती. मी ती उचलली, आणि ढसाढसा रडले आणि त्याच वेळी हसलेसुद्धा.

७

घरी आल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन त्या खुर्चीत बसले. टेकणीकडे पाहिलं, आणि मग सहज मान वर केली. माझ्या डोक्याच्या बरोबर वर, भिंतीवर, सरावाचा काळा ठिपका होता. नळी खुर्चीवर कधीच रोखलेली नव्हती. तेवढी मान वर करायचं सुचलं नाही म्हणून मी इतके दिवस भीत काढले. ताई ठिपक्यावर नेम धरून बसली होती. भरायची आणि थांबायची, कारण तिची पाळी राहिली होती आणि टोपी मी अंगावर घेऊन फिरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींना म्हटलं, "चला, खाणीवर. ताईची पाळी राहिली आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थर्मास भरला.

खाणीत कुणी नव्हतं. मी माझाच कालचा कागद पुन्हा टांगला, मधलं भोक जसंच्या तसं. बंदूक टेकणीवर ठेवली, रिकामी, आणि आम्ही बाकावर जाऊन बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मग लाकडावर तीनदा थोपटल्याचा आवाज आला.

भाऊजी बाकावरून अर्धे उठले. "ही... ती अशीच..."

"हलू नका," मी म्हटलं. करकर झाली. गज आपणहून सरकत नळीत गेला आणि वर येऊन गवतात पडला. मी उठले, बक्षिसाच्या डबीचं सील फोडलं, एक टोपी काढून तोटीवर बसवली. माझ्या मनगटावर गार वाऱ्याची झुळूक आली. वारा त्या वेळी पडलेला होता. मी पाऊल पाऊल मागे आले.

घोडा पूर्ण चढला. मी डोळे मिटले नाहीत.

बार उडाला, खाण दणाणली, आणि धूर पसरला. त्यात ती जागा होती, खांदा जरा खाली. ह्या खेपेला ती वळली, आमच्याकडे. भाऊजींनी एकदाच तिचं नाव घेतलं, अगदी हळू. धूर विरला.

मी कागद उतरवून आणला. माझं भोक मधोमध होतं. ताईचं त्याला चिकटून, पण केसभर डावीकडे. पुन्हा पुन्हा पाहिलं, भिंगाखाली धरावं तसं डोळ्यांशी धरून पाहिलं. केसभर का होईना, डावीकडे. जन्मात पहिल्यांदा मी तिला हरवलं होतं. मी इतक्या मोठ्याने ओरडले की खाणीतली कबुतरं उडाली.

मागे थप, थप, थप झालं. पाठोपाठ करकर.

"काय झालं?" भाऊजींनी विचारलं. त्यांचे गाल ओले होते. "काय म्हणतेय ती?"

"हरली. आणखी एक डाव मागतेय."

भाऊजी बाकावर नीट मागे रेलून बसले. मग त्यांनी टोप्यांची डबी उघडून माझ्यापुढे धरली.

"मग आता जेवण विसर," ते म्हणाले.